लायब्ररीचं सॉफ्टवेअर, तीन डेस्कटॉप आणि खोटं हिरवं : एक प्रकरण अभ्यास

पर्वरीत एक छोटी टीम आहे, चार-पाच पोरं, गावच्या वाचनालयांसाठी कॅटलॉगचं सॉफ्टवेअर बनवतात. पुस्तक नोंदवा, सभासद नोंदवा, पुस्तक द्या, परत घ्या, दंड लावा, महिन्याचा रिपोर्ट काढा, बस एवढंच काम. पण गोव्यातलं वाचनालय म्हणजे एकाच कपाटात मराठी, कोंकणी, इंग्रजी आणि वरच्या फळीवर कुणाच्या तरी जुन्या घरातून आलेली पोर्तुगीज पुस्तकं, त्यामुळे एकाच फॉर्ममध्ये देवनागरीही चालली पाहिजे आणि पोर्तुगीज नावातला शेपटीवाला सी पण. सॉफ्टवेअर पायथनमध्ये लिहिलेलं, पायक्यूटी ५ वर (क्यूटी म्हणजे विंडो, बटणं बनवायचं टूलकिट, पायक्यूटी म्हणजे ते पायथनमधून वापरायची सोय), आणि ते डेबियन पॅकेज करून देतात म्हणजे क्यूटी सिस्टीमचंच वापरलं जातं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वाचनालयातले कॉम्प्युटर. एक पंचायतीने दिलेला, एक गल्फमधून सुट्टीवर आलेल्या कुणी घेऊन दिलेला, एक कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना. विंडोजचं लायसन कुणाकडे नाही, म्हणून लिनक्स, आणि लिनक्स पण ज्याने बसवलं त्याच्या आवडीचं. शेवटी तीन प्रकार समोर होते: लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, उबंटू २४.०४ म्हणजे वेलँडवरचं ग्नोम, आणि कुबंटू २४.०४ म्हणजे एक्स अकरावरचं केडीई प्लाझ्मा ५.२७. (एक्सएफसीई, ग्नोम, केडीई हे डेस्कटॉपचे प्रकार, आणि वेलँड, एक्स अकरा या त्यांच्या खालच्या, विंडो स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्रणा.) टीममधले सगळे डेव्हलपर मिंटवर.

मला बोलावलं ते टेस्टिंगसाठी. तक्रार अशी की ऑटोमेटेड जीयूआय टेस्ट आहेत, म्हणजे ॲपची बटणं, फॉर्म आपोआप चालवून बघणाऱ्या, मिंटवर छान चालतात, कुबंटूवर कधी पास कधी फेल, आणि उबंटूवर तर चालतच नाहीत म्हणून तिथे सगळ्यांना स्किप लावलंय. चवथीच्या आधी नवीन आवृत्ती द्यायची होती. टीम लीडचं म्हणणं, "टेस्ट फ्लेकी आहेत गो, स्लीप वाढवून दे आणि रीट्राय तीनचे पाच कर, झालं."

फ्लेकी, म्हणजे काही कारण नसताना कधी पास कधी फेल, हा शब्द मला आवडत नाही. एकदा तो चिकटला की कुणी खोलात जातच नाही, टेस्ट लाल म्हणजे फेल झाली की परत चालवायची, हिरवी म्हणजे पास झाली की चहाला जायचं.

टेस्ट कशा लिहिल्या होत्या ते आधी सांगते. पायऑटोगुई वापरून स्क्रीनशॉट घ्यायचा, त्यात बटणाचं किंवा डायलॉगचं साठवलेलं चित्र शोधायचं, सापडलं की तिथून इतके पिक्सेल उजवीकडे इतके खाली जाऊन क्लिक. देवनागरी टाइप करायला एक्सडूटूल, कारण पायऑटोगुईला कीबोर्डवर नसलेलं अक्षर दिलं तर ते एररही न देता सरळ गाळून टाकतं. प्रत्येक पायरीनंतर दोन सेकंद झोप. आणि फेल झाली तर आपोआप परत चालवणारं प्लगइन. म्हणजे बाहेरून, माणसासारखं, स्क्रीनकडे बघून काम करणारी टेस्ट. कल्पना वाईट नाही, पण माणूस बटणावरचा मजकूर वाचतो आणि ही टेस्ट फक्त जागा बघते.

पहिलं काम मी केलं ते रीट्राय बंद करणं. स्लीपला हातही लावला नाही. मग तिन्ही मशीनवर तेच तेच चालवलं आणि लाल झालेल्या प्रत्येक टेस्टच्या पुढे एकच गोष्ट लिहीत गेले, परत चालवली तर परत तशीच पडते का. आणि बहुतेक सगळ्या तशाच पडत होत्या, त्याच ओळीवर. त्यात फ्लेकी काही नव्हतं, ठरलेल्या मशीनवर ठरलेल्या कारणाने पडत होत्या. टीमला रँडम वाटायचं कारण कुठली टेस्ट कुठल्या मशीनवर पडली याची नोंदच कुणी ठेवत नव्हतं, सगळं एकाच रिपोर्टात.

हिरव्या टेस्टने रद्दचं बटण दाबलं

आता यातला सगळ्यात बोलका किस्सा नीट सांगते.

"पुस्तक द्या" नावाचा डायलॉग. सभासद नंबर, पुस्तक नंबर, खाली ओके आणि कॅन्सल. टेस्ट काय करायची, डायलॉगचा उजवा खालचा कोपरा शोधायचा आणि तिथून थोडं आत क्लिक करायचं, कारण मिंटवर तिथे ओके असतं. मग तपासायचं की डायलॉग बंद झाला आणि मागची यादी दिसतेय. ही टेस्ट तिन्हीपैकी दोन मशीनवर, म्हणजे मिंटवर आणि कुबंटूवर, कायम हिरवी. कुणी तिच्याकडे बघायचं कारणच नव्हतं.

मी कुबंटूवर टेस्ट संपल्यावर सहज डेटाबेस उघडला. एसक्यूलाइटची फाइल, देवघेवीचं टेबल. रिकामं. एकसुद्धा ओळ नाही. मिंटवर तीच टेस्ट चालवली, ओळ आहे.

झालं काय तर क्यूटीमध्ये बटणांचा क्रम डेस्कटॉप बघून ठरतो. क्यूडायलॉगबटणबॉक्स नावाचं जे विजेट (विंडोतला तयार भाग) आहे त्याला फक्त सांगायचं असतं की मला ओके हवं आणि कॅन्सल हवं, कुठलं डावीकडे कुठलं उजवीकडे ते प्लॅटफॉर्मच्या थीमवर अवलंबून. ग्नोमच्या पद्धतीत कॅन्सल आधी आणि ओके शेवटी, अगदी उजवीकडे. केडीईच्या पद्धतीत ओके आधी, कॅन्सल शेवटी. आणि एक्सएफसीई, सिनॅमन, माटे ही सगळी जीटीकेवाली (जीटीके म्हणजे क्यूटीसारखंच दुसरं टूलकिट) मंडळी क्यूटीच्या हिशोबात ग्नोमच्या गटात येतात. म्हणजे कुबंटूवर आमची टेस्ट दर वेळी इमानेइतबारे कॅन्सल दाबत होती, डायलॉग बंद होत होता, आणि टेस्ट हिरवी.

लाल टेस्टचा त्रास दिसतो तरी. ही हिरवी टेस्ट कित्येक महिने सांगत होती की कुबंटूवर पुस्तक देता येतं, आणि ते तिने एकदाही करून बघितलं नव्हतं. पुस्तक प्रत्यक्षात देता येत होतं हा नशिबाचा भाग.

दुरुस्ती दोन ओळींची. बटण जागेवरून न शोधता बटणबॉक्सला विचारायचं, तुझं ओके कुठलं ते दे, आणि त्याच्यावर क्लिक. आणि तपासणी डायलॉग बंद झाला का याची न करता टेबलात ओळ आली का याची. यानंतर मी सगळ्या टेस्ट एकदा फक्त शेवटच्या ओळीसाठी वाचल्या, म्हणजे ही टेस्ट नक्की काय तपासते तेवढंच बघायला. बऱ्याच टेस्ट "विंडो दिसतेय ना" एवढ्यावर समाधानी होत्या.

अँपरसँडची भानगड

कुबंटूवरच्या दुसऱ्या गठ्ठ्यातल्या टेस्ट टॅबच्या नावावरून टॅब शोधायच्या. टेस्ट इंग्रजी इंटरफेसवर चालतात, टॅबचं नाव मेंबर्स. कुबंटूवर टॅबला नाव विचारलं तर उत्तरात मध्येच & (अँपरसँड) हे चिन्ह. कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

हे केडीईचं काम. प्लाझ्माचं क्यूटीसाठी एक इंटिग्रेशन प्लगइन असतं आणि त्यातून ॲक्सिलरेटर मॅनेजर नावाचा प्रकार येतो, तो विंडो दिसली की बटणं, टॅब, मेनू सगळ्यांना आपणहून ऑल्टचे शॉर्टकट वाटून टाकतो, म्हणजे एका अक्षराच्या आधी & घालतो. कीबोर्ड वापरणाऱ्याची सोय म्हणून चांगलं आहे. पण तुमच्या विजेटचा मजकूर तुम्हाला न विचारता बदलतो. पायक्यूटी पिपने बसवलं असतं तर त्याच्याबरोबर स्वतःचं क्यूटी आलं असतं, ते सिस्टीमचं केडीई प्लगइन सहसा उचलत नाही आणि डेव्हलपरला हे कधी दिसलंच नसतं. आमचं सिस्टीमचं क्यूटी म्हणून दिसलं.

टीममधल्या एकाने लगेच उपाय सुचवला, टेस्टमध्ये तुलना करण्याआधी & काढून टाकूया. मी म्हटलं थांब जरा, ॲपमध्ये कुठे टॅबचं नाव वापरलंय का ते शोध. शोधलं तर निघालं. बंद करताना कुठला टॅब उघडा होता ते सेटिंगमध्ये लिहून ठेवायचे, ते टॅबच्या नावाने. बंद करताना नावात & असायचं, परत सुरू करताना प्लगइनने अजून हात लावलेला नसायचा म्हणून नाव साधं, दोन्ही जुळत नाहीत, मग पहिला टॅब उघडायचा. आणि पेडण्याकडच्या एका वाचनालयातल्या बाईंची ही जुनी तक्रार होतीच की "दर वेळी मला परत सभासदावर जावं लागतं, तुमच्या ऑफिसात तर बरोबर उघडतं म्हणता." ऑफिसात मिंट, त्यांच्याकडे कुबंटू. टेस्टमध्ये & गाळलं असतं तर ही तक्रार "आमच्याकडे होत नाही" याच खात्यात पडून राहिली असती.

आता टॅब नावाने न ओळखता प्रत्येक विजेटला ऑब्जेक्टनेम, म्हणजे स्क्रीनवर न दिसणारं आतलं नाव, दिलंय, टेस्ट पण त्यावरून शोधतात आणि सेटिंगही त्यावरून लिहिलं जातं. मराठी इंटरफेस लावला तरी टेस्ट मोडत नाहीत हा फायदा वेगळा.

उबंटूवर सगळं काळं

उबंटूवर का स्किप, तर पायऑटोगुईने घेतलेला स्क्रीनशॉट काळाकुट्ट. चित्रच नाही तर बटण कुठून सापडणार. हे वेलँडचं. एक्स अकरा १९८७ सालचं, म्हणजे गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्याच वर्षीचं, आणि त्या काळच्या विश्वासावर उभं: कुठलाही प्रोग्राम दुसऱ्या कुणाच्याही विंडोत डोकावू शकतो, खोट्या कळा दाबू शकतो, अख्खी स्क्रीन वाचू शकतो. वेलँडने हे मुद्दाम बंद केलं. प्रोग्रामला आपली विंडो स्क्रीनवर कुठे आहे हेसुद्धा कळत नाही, स्वतःला हलवताही येत नाही. त्यामुळे "अमुक पिक्सेलवर क्लिक" या वाक्याला तिथे अर्थच राहत नाही.

गंमत म्हणजे आमचं ॲप वेलँडवर चालतच नव्हतं. क्यूटी ५ ला ग्नोम दिसलं की तो वेलँड सोडून एक्स अकराकडेच जातो, वेगळं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून द्यायचं सेटिंग) लावून जबरदस्ती केली नाही तर. म्हणजे ॲप एक्सवेलँडमधून (एक्स अकराची ॲप वेलँडवर चालवणारा पूल) चालायचं, त्याचे अर्धे नियम जुने अर्धे नवे, आणि टीमने इंटरनेटवरून वेलँडचे म्हणून जे उपाय उचलून आणले होते त्यातले काही लागू पडायचे काही नाही, मग डोकं खाजवत बसायचे. कुठल्याही मशीनवर पहिल्यांदा ॲपलाच विचारा की बाबा तू कुठल्या प्लॅटफॉर्मवर आहेस आणि ते लॉगमध्ये पहिल्या ओळीत छापा. आम्ही आता सेशनचा प्रकार, डेस्कटॉपचं नाव, क्यूटीचा प्लॅटफॉर्म, थीम आणि स्केलिंग एवढं प्रत्येक रनच्या सुरुवातीला छापतो, निम्मे वाद तिथेच मिटतात.

मग केलं काय

टेस्टचे दोन ढीग केले. आपल्या ॲपचं वागणं तपासणाऱ्या एका बाजूला, डेस्कटॉपशी गाठ पडते त्या दुसऱ्या. पहिला ढीग प्रचंड मोठा निघाला. दंड बरोबर लागतो का, एकच पुस्तक दोघांना देता येत नाही ना, शोध चालतो का, यात ग्नोम केडीईचा काय संबंध. त्या सगळ्या पायटेस्ट-क्यूटी या टेस्टच्या साधनावर नेल्या, म्हणजे टेस्ट ॲपच्या प्रोसेसच्या आतच चालते, विजेट थेट हातात असतं, आणि क्यूटीच्या ऑफस्क्रीन प्लॅटफॉर्मवर चालवल्या तर स्क्रीनच लागत नाही. त्या कुठल्याही मशीनवर सारख्याच वागतात कारण तिथे डेस्कटॉपच नाही. दोन सेकंदांच्या झोपा काढून वेटअंटिल घातलं, म्हणजे अट पूर्ण झाली की लगेच पुढे आणि नाहीच झाली तर टाइमआऊटला पडायचं. याने वेळ वाचला तो वाचलाच, पण पावसात लाइट जाऊन इन्व्हर्टरवर चालणारं ऑफिसातलं म्हातारं मशीन कधी हळू झालं तरी टेस्ट खोटी पडत नाही.

दोन ठिकाणी अडलं. एक, डायलॉग एक्झेकने उघडला की ती ओळ डायलॉग बंद होईपर्यंत परत येत नाही, टेस्ट तिथेच लटकते, तर जिथे जमलं तिथे एक्झेकच्या जागी ओपन वापरलं आणि उरलेल्या ठिकाणी आधी टायमर लावून ठेवायचा की डायलॉग उघडल्यावर हे हे कर. दुसरं देवनागरीचं. एक्सडूटूल जे अक्षर कीबोर्डच्या मॅपमध्ये नाही त्यासाठी एखादी रिकामी की तात्पुरती त्या अक्षराला बांधतं आणि दाबतं, ॲपला नवीन मॅप कळायच्या आत की पोचली तर अक्षर गळतं किंवा दुसरंच उमटतं. "गोमंतक" मधला अनुस्वार कधी यायचा कधी नाही, ही मात्र खरीखुरी फ्लेकी टेस्ट होती. क्यूटेस्टचं कीक्लिक्स वापरावं तर ते लॅटिन अक्षरापुरतंच. शेवटी इनपुट मेथड इव्हेंट बनवून त्यात कमिट स्ट्रिंग (उमटवायचा मजकूर) टाकून विजेटला पाठवला, आयबस ही लिनक्सची टायपिंगची यंत्रणा पण शेवटी क्यूटीमध्ये याच वाटेने अक्षर पोचवतो. शेपटीवाला सी पण तसाच गेला. तेव्हापासून अनुस्वार गळलेला नाही.

दुसऱ्या ढिगात मूठभर टेस्ट राहिल्या: ॲप सुरू होतं का, टॅब आठवतो का, पुस्तक देण्याचा एक पूर्ण फेरा, दुसऱ्यांदा आयकॉन दाबला तर दुसरी प्रत न उघडता पहिली विंडोच राहते का, कॉपी-पेस्ट. या मात्र तिन्ही खऱ्या डेस्कटॉपवर, व्हर्च्युअल मशीनमध्ये, ठरलेल्या स्नॅपशॉटवरून, म्हणजे मशीनच्या साठवून ठेवलेल्या स्थितीवरून. आणि इथे पिक्सेल पूर्ण सोडून ॲक्सेसिबिलिटीची वाट धरली. अंध माणसासाठी स्क्रीन वाचून दाखवणारं ओर्का ज्या एटी-एसपीआय नावाच्या यंत्रणेतून बटणांची नावं घेतं तीच यंत्रणा टेस्टला वापरता येते, डॉगटेल हे टेस्टचं साधन त्यावरच चालतं. ओके नावाचं बटण शोध, त्याची दाबायची क्रिया कर. जागा, थीम, वेलँड कशाशीच देणंघेणं नाही. क्यूटी ५ मध्ये हे कायम चालू ठेवायला एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावावं लागतं, नाहीतर ॲपचं झाड रिकामं दिसतं आणि आपण उगाच टेस्टला दोष देतो.

हे करताना दिसलं की आमच्या फॉर्ममधल्या खोक्यांना नावंच नाहीत. लेबल शेजारी लिहिलेलं पण खोक्याशी जोडलेलं नाही, म्हणजे ओर्काने नुसतं "मजकूर, मजकूर, मजकूर" वाचलं असतं. सेटबडीने लेबल जोडली, टेस्टला नाव मिळालं आणि उद्या एखाद्या वाचनालयात अंध सभासद स्वतः शोधायला बसला तर त्यालाही मिळेल. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, आणि ती कुणी मागितली नव्हती.

नवीन भानगडी पण आल्या. एटी-एसपीआयने केलेली क्रिया म्हणजे काही खरा माऊस हलणं नव्हे, त्यामुळे ग्नोमला वाटतं समोर कुणी नाही, आणि पाच मिनिटांनी स्क्रीन बंद करून लॉक. मग फोकस तपासणारी टेस्ट पडते. फेल झाल्यावर व्हर्च्युअल मशीनचा बाहेरून स्क्रीनशॉट घ्यायची सोय केली होती म्हणून लगेच कळलं, चित्रात आमचं ॲप नव्हतंच, लॉक स्क्रीन होती. स्नॅपशॉटमध्ये आता लॉक बंद, ॲनिमेशन बंद, अपडेटच्या सूचना बंद, फॉन्ट ठरलेला. "विंडो पुढे आली का" ही टेस्ट काढून टाकली. ग्नोम कधी कधी विंडो पुढे न आणता नुसती "तयार आहे" अशी सूचना देतं, केडीईचे फोकस चोरू न देण्याचे स्वतःचे नियम आहेत, आणि ते त्यांचं काम आहे, आपण त्याची परीक्षा घ्यायची नाही. यावर टीम लीडशी जरा वाद झाला, त्याला टेस्ट कमी झालेली आवडत नाही. मी विचारलं, ती पडली तर तू ॲपमध्ये काय बदलणार आहेस? काहीच नाही. मग ठेवून करायचं काय.

तसंच ऑफिसातल्या मशीनवर एक्सव्हीएफबीमध्ये, म्हणजे मॉनिटर नसलेल्या आभासी स्क्रीनवर, काही टेस्ट चालायच्या, त्यात विंडो मॅनेजरच नव्हता, डायलॉग बंद झाल्यावर फोकस कुणाला परत द्यायचा हे सांगणारं कुणी नाही. ओपनबॉक्स नावाचा विंडो मॅनेजर सुरू केला, मिटलं.

चवथीच्या आधी आवृत्ती गेली, रीट्रायचं प्लगइन रिक्वायरमेंट्समधून काढून टाकलं. एखादी टेस्ट खरंच कधी पास कधी फेल झाली तर ती वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतात, तिथे ती आवृत्ती अडवत नाही पण कारण सापडेपर्यंत तिथून हलतही नाही.

हाताने तपासायच्या दोन गोष्टी राहिल्यात. फाइल निवडायचा डायलॉग, कारण मिंट आणि उबंटूवर तो जीटीकेचा येतो आणि कुबंटूवर केडीईचा, ॲपच्या आतल्या टेस्टला तो दिसत नाही, त्या टेस्टमध्ये आम्ही क्यूटीचा स्वतःचा डायलॉग लावतो पण वाचनालयात तो कुणी बघणार नसतं. आणि आयबसवर इनस्क्रिप्ट कीबोर्डने खरंखुरं मराठी टायपिंग. आणि पुढचं काम आहे क्यूटी ६, त्याच्या नव्या आवृत्त्या ग्नोमवरही आपणहून वेलँडच निवडतात, उबंटू २५.१० मधून तर ग्नोमचं एक्स अकरा सेशन गेलंच. उबंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत म्हणून तिथल्या वाचनालयांना घाई नाही, पण टीमने त्यासाठी चौथं व्हर्च्युअल मशीन आत्ताच उभं केलंय, त्यावर मूठभर टेस्टमधल्या दोन लाल आहेत, दोन्ही कॉपी-पेस्टच्या, कारण वेलँडवर फोकस नसलेल्या विंडोला क्लिपबोर्ड वाचू देत नाहीत.